फिरत्या बिऱ्हाडांतील विजेचा चोर

घर चाकांवर चढवून गांवोगांव हिंडण्याची हौस पाश्चात्य देशांत आजची नव्हे. जर्मनींत वेस्टफालिया कारखान्यानें १९५१ सालीं फोक्सवागनच्या लहानशा बंद मोटारींत निजण्याबसण्याची सोय करून देण्यास आरंभ केला, आणि अमेरिकेंत आयोवा संस्थानांतील फॉरेस्ट सिटी गांवीं विनेबेगो कंपनी १९६६ पासून पुरतीं मोटार-घरें बांधूं लागली. चूल, पाण्याची टांकी, शीतकपाट, बिछाने, न्हाणीघर असा सारा संसार एका वाहनांत मावतो, व तो घेऊन मनुष्य समुद्रकांठीं किंवा डोंगराच्या कुशींत मुक्काम टाकतो. महाराष्ट्र सरकारनेंहि २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. तथापि आपल्याकडे हा प्रकार अद्यापि नवलाचाच आहे. तिकडे मात्र तो इतका मुरला आहे कीं, वीस-तीस वर्षें वापरलेलीं मोटार-घरें सर्रास विकलीं जातात, आणि ज्यांना नवें परवडत नाहीं असे कुटुंबवत्सल लोक तींच घेतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे पुतणे-भाचे इंग्लंड-अमेरिकेंत स्थायिक झालेले आहेत. त्यांच्याकडून अशा एखाद्या वाहनाची हकीकत कानीं आली असण्याचा संभव आहे.

जुन्या मोटार-घराच्या तक्रारी पुष्कळ. छप्पर गळतें, खिडक्यांचें रबर वाळतें, इंजिन कुरकुरतें. पण या तक्रारी निदान डोळ्यांना दिसतात. विजेची तक्रार दिसत नाहीं. रात्रीं निजतांना दिवे लख्ख असतात आणि पहांटे पाण्याचा पंप मुका होतो. किंवा पंधरा दिवस दारापुढें उभें असलेलें वाहन नेमकें प्रवासाच्या दिवशीं चालूं होत नाहीं. मग बॅटरी बिघडली असें ठरतें, नवी आणली जाते, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं तीहि तशीच निपचित पडते. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार आहे. बॅटरी वीज साठविते, खात नाहीं. ती रिकामी झाली तर बहुधा कोणी तरी ती वीज खाल्लेली असते, नाहीं तर भरणारानें ती भरलेलीच नसते. तो कोण, हें शोधण्याची रीत मुळींच गहन नाहीं. तिला एक साधा मीटर, थोडें गणित आणि बरीच चिकाटी लागते.

प्रथम या घराची अंतर्गत व्यवस्था समजून घेऊं. एका वाड्यांत दोन बिऱ्हाडें नांदावीं तशा येथें दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, ती क्षणभर मोठा जोर करून इंजिन फिरविते आणि बाजूला होते. दुसरी राहत्या भागाची. ती दिवे, पंप, पंखे यांना तासन् तास थोडी थोडी वीज पुरविते. इंजिन चालूं असतां त्यावरील अल्टरनेटर, म्हणजे वीज उत्पन्न करणारें यंत्र, दोघींनाहि भरतें. इंजिन थांबलें कीं मधला रिले हा विजेचा दरवाजा मिटतो व दोन्ही बिऱ्हाडें विभक्त होतात. राहत्या भागानें रात्रभर कितीहि उधळपट्टी केली तरी इंजिनाच्या ठेवीस हात लागूं नये, हा यांतील हेतु. शिवाय मुक्कामाच्या जागीं बाहेरून वीज घेण्याची सोय असते. ब्रिटनांत ती २३० व्होल्टची, अमेरिकेंत १२० व्होल्टची. चार्जर तिचें रूपांतर करून ती बॅटरींत भरतो.

शिशाच्या बॅटरीचा शोध प्लांटे नामक फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं लावला. आपल्या घरोघरीं इन्व्हर्टरला जोडलेली, जिच्यांत वरचेवर शुद्ध पाणी घालावें लागतें, ती बॅटरीहि याच कुळांतली. चार्जर बंद करून कांहीं तास विसांवा दिल्यावर भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट भरतो; १२.१ च्या सुमारास ती निम्मी उरलेली असते, आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. पूर्ण आणि रिक्त यांच्यांत एका व्होल्टाचेंहि अंतर नाहीं! तेव्हां "मीटर बारा दाखवितो, म्हणजे सर्व ठीक आहे" हें समाधान फसवें आहे. वारंवार निम्म्याच्या खालीं उतरविली, किंवा रिकामी करून आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली, तर बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व तिची साठवणशक्ति कायमची घटते. म्हणजे संन्यासी निरपराधी असूनहि अखेर खरोखरच मरतो, आणि दुकानदार त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, "पाहा, ही गेलेलीच होती!"

आमचे एक स्नेही उत्तर इंग्लंडांत राहतात. त्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत बांधलेलें एक मोटार-घर तिसऱ्या कीं चौथ्या धन्याकडून विकत घेतलें. दोन वर्षांत राहत्या भागाच्या तीन बॅटऱ्या झाल्या. मौज अशी कीं उन्हाळाभर कांहीं तक्रार नसे. ऑक्टोबर लागला कीं रडगाणें सुरू होई. अशाच एका ऑक्टोबरांत सारें कुटुंब, सत्तरी ओलांडलेल्या मातोश्रींसह, स्कॉटलंडांत मुक्कामास असतां मध्यरात्रीं हीटर बंद पडला. हीटर गॅसवर चालतो, मग विजेचा संबंध काय, असें कोणासहि वाटेल. पण त्याची ठिणगी, त्याचा पंखा, त्याचें नियंत्रण हीं सारीं १२ व्होल्टच्या विजेवर अवलंबून. गॅसची टांकी भरलेली आणि घर बर्फासारखें गार! पांघरुणें भरपूर होतीं म्हणून रात्र निभावली. परंतु सकाळीं जी दुसरी गोष्ट लक्षांत आली ती अधिक गंभीर होती. भिंतीवरील गॅस-सूचकाचा हिरवा दिवा विझलेला होता. गॅस गळल्यास जें यंत्र किंचाळून सर्वांना जागें करावयाचें, तेंहि त्याच बॅटरीवर बसविलेलें. घर निजलें आणि पहारेकरीहि निजला. त्या दिवसापासून हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहिला नाहीं.

एका दुरुस्तीच्या कारखान्यांत वाहन दाखविलें, तेथें चौथ्या बॅटरीची शिफारस झाली. आम्ही त्या सुमारास त्यांचे पाहुणे होतों. चौथी बॅटरी घेण्यापूर्वीं एक संपूर्ण दिवस चोराच्या शोधास द्यावा, असें सर्वानुमतें ठरलें.

आदल्या दिवशीं दोन्ही बॅटऱ्या भरून, बाहेरची वीज काढून, वाहन रात्रभर तसेंच उभें ठेविलें होतें. सकाळीं दोहोंचा दाब मोजला तों तो शतांश व्होल्टापर्यंत सारखा भरला. दोन विभक्त बिऱ्हाडांच्या शिलका पैसा न् पैसा सारख्या असाव्या, हें संशयास्पद होय. मग राहत्या भागांतील सारे दिवे लाविले आणि मीटर इंजिनाच्या बॅटरीवर धरला; दिव्यांचा तिच्याशीं वस्तुतः कांहींहि संबंध नसतां तिचाहि आंकडा हळूहळू उतरूं लागला. मधला दरवाजा उघडाच राहिला होता! रिले काढून फोडला तेव्हां आंतील धातूचीं टोकें ठिणग्यांनीं वितळून एकमेकांस चिकटलेलीं आढळलीं. वाहन दारांत उभें राहून चालूं कां होत नसे, याचा उलगडा झाला. पण दरवाजा उघडा राहणें वेगळें आणि चोरी होणें वेगळें. चोर अद्यापि मोकळाच होता.

आतां गळती मोजण्याची रीत सांगतों, आणि तींतील सावधगिरी आधीं सांगतों. हातांतील आंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावें. बॅटरीच्या दोन टोकांमध्यें सोन्याची आंगठी सांपडली तर ती क्षणांत तापून बोट भाजतें. भरतांना शिशाच्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, तेव्हां जवळ ज्योत नको. बाहेरच्या विजेची तार पूर्णपणें काढून टाकावी. २३० व्होल्टच्या भागास जाणत्या वायरमननेंच हात लावावा, येथें हौसेचें काम नाहीं. छपरावर सौर पॅनेल असेल तर तें आधीं सोडवावें व बॅटरी मागाहून, कारण बॅटरी आधीं काढल्यास पॅनेलचें नियंत्रकयंत्र बिघडूं शकतें. मग बॅटरीच्या ऋण टोकाची तार काढून, ती तार आणि तें टोक यांच्यामध्यें मीटर जोडावा, म्हणजे जाणारी सगळी वीज मीटरमधूनच जाईल. मीटरची तार १० अँपिअरच्या खोबणींत घालावी, आणि मीटर मध्यें असतां इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न मुळींच करूं नये. जुने मेकॅनिक मीटरऐवजीं इशाऱ्याच्या दिव्याचा २१ वॉटचा बल्ब मध्यें जोडीत. ही युक्ति आजहि उत्तम आहे. बल्ब पेटला तर गळती मोठी, विझलेलाच राहिला तर मामुली. आणि कोठें तारेस तार लागलेली असली तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षां अधिक वीज जात नाहीं.

सर्व दिवे, पंप, रेडिओ बंद करून, कपाटें लावून, अर्धा तास वाट पाहिली. मीटरनें ०.६२ अँपिअर दाखविले. आंकडा क्षुल्लक वाटतो. गृहिणीच्या हिशेबानें पाहा: ०.६२ गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला सुमारें १५ अँपिअर-तास. राहत्या भागाची बॅटरी १०० अँपिअर-तासांची, इंजिनाची ७० ची. चिकटलेल्या रिलेमुळें दोघींची मिळून १७०. निम्म्या, म्हणजे ८५, सहा दिवसांच्या आंतच फस्त! नळ थेंबथेंब गळत असला तरी रात्रभरांत बादली भरते, तोच हा प्रकार. उन्हाळ्यांत सौर पॅनेल दिवसा ही भर भरून काढी. ब्रिटनचें सूर्यबिंब शरद् ऋतूंत म्हातारें झालें कीं चोरी उघडकीस येई.

यानंतर फ्यूजच्या पेटीपाशीं एकानें बसावें, मीटरपाशीं दुसऱ्यानें, आणि एकेक फ्यूज काढून आंकडा किती घसरतो तें लिहून घ्यावें. स्नेह्यांच्या दोन मुलांनीं हें काम मोठ्या हौसेनें केलें. गॅस-सूचकाचा फ्यूज काढतांच ०.०७ कमी झाले. रेडिओच्या स्मरणाचे ०.०१. बाकीच्या फ्यूजांनीं कांहींच फरक पडेना. सारी पेटी रिकामी झाली तरी मीटर ०.५४ वर अढळ! याचा अर्थ एकच: चोर दिंडीदरवाजानें येतच नव्हता. फ्यूजच्या पेटीस वळसा घालून कोणती तरी तार थेट बॅटरीपर्यंत पोंचलेली होती.

अशा वेळीं पहिला संशय अल्टरनेटरवर घ्यावा. त्यांतील डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेनें जाऊं देणाऱ्या झडपा, निकामी झाल्यास इंजिन बंद असतां वीज उलटी फिरून त्यांतून झिरपते, आणि त्याची जाड तार फ्यूजच्या पेटींतून जात नसल्यामुळें फ्यूज काढून ती सांपडत नाहीं. बॅटरी सोडवून ती जाड तार अलग केली व पुन्हां मोजलें. आंकडा जागचा हलला नाहीं. अल्टरनेटर निर्दोष ठरला.

इतक्यांत मातोश्री चहा घेऊन आल्या. मुलांनीं त्यांना सर्व हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "अरे, माझ्या बिछान्याखालीं रात्रभर भुंगा गुणगुणतो, हें मी पहिल्या प्रवासापासून सांगतें आहें. तुम्ही म्हणतां, आई, तुझ्या कानांत वाजत असेल." बिछाना उचलला, पाण्याच्या टांकीमागची फळी काढली, आणि आंत धुळीनें माखलेला एक इन्व्हर्टर निघाला. पूर्वींच्या कोणा धन्यानें टेलिव्हिजन किंवा असेंच कांहीं चालविण्यासाठीं १२ व्होल्टची २३० व्होल्ट करणारें हें यंत्र बसविलें असावें. तें चालूंच राहिलेलें होतें. त्याला कांहीं जोडलेलें नसलें तरी नुसतें जागें राहण्यास तें अर्धा अँपिअर घेई. भयंकर गोष्ट पुढेंच आहे: त्याच्या तारा थेट बॅटरीच्या टोकांस बांधलेल्या, आणि मध्यें एकहि फ्यूज नाहीं. घांसून घांसून त्या दोन तारा कोठें एकमेकींस लागल्या असत्या तर भरलेल्या बॅटरीची सारी शक्ति त्यांतून धांवून त्या लाल झाल्या असत्या, तेंहि लांकडी फळ्या आणि गादी यांच्या खालीं. वीज गेली याचें दुःख करावें, कीं आग लागली नाहीं याचा आनंद मानावा, असा तो प्रसंग होता. मातोश्री मात्र कांहीं न बोलतां कप गोळा करून गेल्या.

इन्व्हर्टर काढतांच मीटर ०.०८ वर आला. म्हणजे दिवसाला जेमतेम दोन अँपिअर-तास. १०० च्या बॅटरीची निम्मी ठेव आतां सव्वीस दिवस पुरते. तरीहि चार महिन्यांच्या हिंवाळ्यास ती अपुरीच. म्हणून वाहन उभें असतां महिन्यांतून एकदां तरी बॅटरी भरणें आवश्यक आहे. भरलेली बॅटरी ब्रिटनच्या थंडींत गोठत नाहीं, रिकामी मात्र गोठून फुटूं शकते.

येथें वाचक विचारतील कीं, उरलेल्या ०.०८ पैकीं ०.०७ तर गॅस-सूचकच खातो. तो काढला तर? पुष्कळ लोक हाच उपाय करितात. आमच्या मतें हा शुद्ध अविचार आहे. पहारेकऱ्याचा पगार वांचविण्यासाठीं वाडा उघडा टाकावयाचा! वाहन रिकामें उभें असतां व गॅसच्या टांकीची तोटी बंद असतां सूचक बंद ठेवावयास हरकत नाहीं. आंत मनुष्य निजलेलें असतां कदापि नाहीं. शिवाय चुलीचा गॅस हवेहून जड असल्यामुळें तो जमिनीलगत सांचतो, म्हणून त्याचा सूचक खालीं असतो. अर्धवट जळण्यानें उत्पन्न होणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निराळा. त्याला वास नाहीं, रंग नाहीं, आणि त्याचा सूचकहि निराळा घ्यावा लागतो. तो स्वतःच्या छोट्या सेलवर चालणारा असावा, म्हणजे घराची बॅटरी मेली तरी तो जागा राहील. स्नेह्यांनीं त्याच संध्याकाळीं तसा एक आणून निजण्याच्या जागेजवळ लाविला.

अन्य वाहनांत अन्य चोर भेटतात. कपाटांतील दहा वॉटचा दिवा दार लावल्यावर विझत नसेल तर दिवसाला वीस अँपिअर-तास घेऊन जातो, आणि दार बंद असल्यामुळें कोणास दिसत नाहीं. सर्वांत मोठा दरोडेखोर म्हणजे शीतकपाट. हीं कपाटें गॅस, बाहेरची वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालतात. पैकीं १२ व्होल्ट फक्त वाहन धांवत असतांना वापरावयाचे, कारण तेव्हां तें दहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतें. त्याचा रिले चिकटला कीं एका रात्रींत बॅटरी आडवी होते. हिंवाळाभर बंद पडलेल्या वाहनांत उंदीर शिरून तारांचें वेष्टण कुरतडतात, हाहि अनुभव सार्वत्रिक आहे.

वीज चोरीस जाणें हा एक रोग. वीज वाटेंत अडणें हा दुसरा, आणि लोक दोहोंची गल्लत करितात. याच वाहनांत पंप सुरू झाला कीं ओट्यावरचा दिवा मंद होई. बॅटरी अशक्त म्हणून असें होतें, अशी समजूत होती. पण साठ वॉटच्या उपकरणास २३० व्होल्टवर पाव अँपिअर पुरतो, तेथें १२ व्होल्टवर पांच अँपिअर लागतात. त्यामुळें वाटेंतील लहानशीहि अडचण मोठी होते. गंजलेल्या एका जोडाचा अडथळा अवघा ०.२ ओहम असला तरी पांच अँपिअर जातांना तेथेंच एक व्होल्ट खर्ची पडतो. हें ओळखण्यासाठीं दिवा व पंप चालूं ठेवून, मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरें दिव्याच्या ऋण तारेवर धरावें. आंकडा शून्याच्या जवळ असावा. येथें १.१ व्होल्ट भरला. मग तारेच्या मार्गानें एकेक जोड मागें मागें मोजीत गेलों, तों फरशीखालीं चाकाच्या मागें, जेथें रस्त्याचें खारट पाणी उडतें, तेथें सांगाड्यास तार आंवळणारा बोल्ट गंजानें हिरवा-तांबडा झालेला सांपडला. सँडपेपरनें घांसून, नवा बोल्ट घालून, वर ग्रीस चोपडलें. खर्च नाममात्र, दिवा पुन्हां ढिम्म हलला नाहीं. ब्रिटनांत हिंवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळें तेथें हा रोग फार.

फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्याजागीं मोठा घालणारे महाभाग सर्व देशांत आहेत. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठीं नसतो, तारेच्या रक्षणासाठीं असतो. दहाच्या जागीं तीसचा घातला तर फ्यूज शाबूत राहतो आणि तार जळते. तसेंच हल्लीं शिशाऐवजीं लिथियमच्या बॅटऱ्या घालण्याची लाट आहे. त्या हलक्या व टिकाऊ खऱ्या, पण त्यांचा दाब रिकामी होत आल्यापर्यंत जवळजवळ एकसारखा राहतो, म्हणून व्होल्ट पाहून शिल्लक ओळखण्याची वर सांगितलेली रीत त्यांस लागू नाहीं. शिवाय जुना अल्टरनेटर त्यांची भूक भागवितांना तापून जळूं नये म्हणून मध्यें वेगळा चार्जर घालावा लागतो. आणि गळती न शोधतां लिथियम घातली तर चोरास मोठी तिजोरी मिळते, इतकेंच.

बॅटरी नवी घ्यावीच लागली. तिसरी सल्फेटनें निम्मी मेलेली होती. नवा रिले बसला. इन्व्हर्टर गॅरेजांतील फळीवर गेला. तारांचा जो भाग उकलला होता त्याचा नकाशा धाकट्या मुलीनें रंगीत पेन्सिलींनीं काढला: कोणत्या रंगाची तार कोठून कोठें जाते, कोणत्या फ्यूजवर काय आहे, सर्व कांहीं बंद असतां मीटर किती दाखवितो. तो कागद फ्यूजच्या पेटीच्या झांकणास आंतल्या बाजूनें चिकटविला आहे. त्याच्या खालीं, आजीच्या सांगण्यावरून, "बिछान्याखालीं आवाज आल्यास पाहावें" अशी एक ओळ आहे.